गादीवरचं उत्तर आणि माजघरातलं उत्तर

प्रश्न : मॅडम, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि सोबत पीएचडी करते आहे. विषय आहे, कौटुंबिक व्यवसायात कारभार एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे कसा जातो. डाळमिल, सराफी, जिनिंग, केळीचा व्यापार अशा धंद्यांतली सहा घरं निवडून मुलाखती घेते आहे. तीन अडचणी आहेत. पहिली, प्रगती अहवालाच्या वेळी समितीतले एक सर म्हणाले, "सहा घरांवरून काय सिद्ध होणार? या नुसत्या गोष्टी झाल्या. तीनशे प्रश्नावल्या भरून आणा." दुसरी, कुठल्याही घरी गेलं की मोठे शेठ बोलतात आणि मुलगा शेजारी बसून मान हलवतो. "आमच्यात एकोपा आहे" याच्या पुढे गाडी सरकत नाही. तिसरी, एका घरी धाकट्या सूनबाई माजघरात चहा देता देता म्हणाल्या, लग्न झाल्यापासून मिलचा सगळा हिशेब मीच बघते, पण कागदावर माझं नाव कुठंच नाही. आणि लगेच, "हे लिहू नका हं ताई." माझ्या सगळ्या मुलाखतींत याहून महत्त्वाचं काही हाती लागलेलं नाही. ते घर माझ्या मामांच्या सोयऱ्यांचं आहे. काय करू?
– एक प्राध्यापिका, जळगाव जिल्हा

उत्तर : तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिल्या दोन अडचणींत काही चुकलं तरी ते पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येईल. इथे चुकलं तर भोगावं लागेल ते सूनबाईंना.

त्यांनी "लिहू नका" म्हटलंय, तर लिहू नका. नाव बदलून नको आणि "एका घरातील महिला सदस्याच्या मते" असंही नको. हजारो माणसांच्या कंपनीत नाव बदललं की माणूस खरंच लपतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावात डाळमिल मोजक्या, त्यात तिघा भावांची एकच, आणि त्या घरात हिशेब येणारी सून एकच. "घर क्रमांक ४" लिहा नाहीतर "क्ष परिवार", दाणाबाजारात दुपारपर्यंत नाव फुटतं. बाजारालाही एक वेळ सोडून देऊ. सगळ्यात आधी ओळखतील ते घरचेच. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढणार आहे आणि एखादा पुतण्या तो मोबाईलवर उघडून बघणार आहे.

गुप्तता दोन ठिकाणी पाळावी लागते, बाहेरच्यांपासून आणि घरातल्यांपासून. संमतीपत्रात आपण लिहून देतो ती पहिली. कौटुंबिक व्यवसायाच्या अभ्यासात अवघड असते ती दुसरी. नोकरी करणारा माणूस साहेबाविरुद्ध बोलला तर फार तर दुसरी नोकरी शोधेल. सूनबाईंना संध्याकाळी त्याच घरात स्वयंपाक करायचा आहे.

पण एवढ्यावर हात जोडून थांबायचं कारण नाही. त्यांना पुन्हा भेटा. चहाच्या ट्रेसोबत घाईत नको. त्या सांगतील तेव्हा आणि तिथे. त्या माहेरी गेल्या असतील तर माहेरी, नाहीतर दुपारी फोनवर. संशोधन कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, ते कुठे ठेवलं जाणार आहे, हे साध्या भाषेत सांगा. मग विचारा की हे पूर्ण वगळू, की बाकी घरांतल्या बायकांच्या बोलण्यात मिसळून लिहू, की त्यांच्या घराच्या भागात लिहिलेलं चालेल. ठरवायचं त्यांनी. प्रबंध जमा होईपर्यंत मत बदलायची मुभाही त्यांना द्या आणि लिहिलेला उतारा आधी त्यांना वाचायला द्या.

दरम्यान त्यांच्या बोलण्यातून तुम्हाला एक प्रश्न मिळाला आहे आणि तो वापरायला कोणाची आडकाठी नाही. उरलेल्या पाचही घरांत विचारा, जीएसटीचं विवरण भरायची तारीख कोण लक्षात ठेवतं? सीएकडे कागद घेऊन कोण जातं? टॅली कोणाला येतं? हे प्रश्न सगळ्यांना विचारा, पुरुषांनाही. आणखी दोन-तीन घरांत एखादी सून किंवा लेक हिशेब सांभाळताना आढळली, तर त्याचं वेगळं प्रकरण करा. ते घरवार मांडू नका, विषयवार मांडा आणि घराचा क्रमांक कुठेच देऊ नका. असं केल्यावर कोणत्या घरात काय घडतं याचा धागा त्या प्रकरणापुरता तुटेल. तुटू द्या. तो मुद्दाम तोडला आणि का तोडला, हे पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहा. त्या एका घरात मात्र हा प्रश्न सध्या शेठना विचारू नका. विचारलात की त्यांची नजर आपोआप माजघराकडे जाईल.

आता त्यांचं बोलणं इतकं मोलाचं का, ते बघू. कौटुंबिक व्यवसायाच्या अभ्यासात टॅग्युरी आणि डेव्हिस यांनी १९७८ मध्ये हार्वर्डला मांडलेली तीन वर्तुळं तुम्हाला माहीत असतीलच. एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक धंद्याचं. तिन्ही एकमेकांवर चढलेली, म्हणून प्रत्येक माणसाची जागा वेगळी पडते. शेठ तिन्हींत आहेत. मुनीम फक्त धंद्यात. लग्न होऊन नाशिकला गेलेली लेक कुटुंबात आहे आणि मालकीत कदाचित आहे, कदाचित नाही. सूनबाई कुटुंबात आहेत, धंद्यात आहेत, मालकीत नाहीत. सहाही घरांसाठी ही वर्तुळं कागदावर काढा आणि प्रत्येक माणसाचा ठिपका मांडा. ज्या जागेवर ठिपका आहे पण तुमच्याकडे मुलाखत नाही, तिथे तुमचं पुढचं काम आहे. माझा अंदाज, सहाही कागदांवर तुमच्या मुलाखती मधल्या तिहेरी जागेतच दाटलेल्या दिसतील.

इथून तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे येऊ. शेठ खोटं बोलत नाहीत. परक्या माणसासमोर, तेही वहीपेन घेऊन बसलेल्या माणसासमोर, घराच्या कर्त्यानं जे बोलायचं असतं तेच ते बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पेढीवरचा विश्वास हाच त्यांचा माल आहे. भावाभावांत कुरबुर आहे असं बाजारात गेलं तर उधारीवर माल देणाराही विचार करतो. तेव्हा त्यांची मुलाखत वाया गेली असं समजू नका. उलट ती आधी घ्या, मान देऊन आणि पुरेसा वेळ देऊन. धंदा कसा उभा राहिला ती कहाणी मध्ये न तोडता ऐका. घरानं जगाला सांगायचं म्हणून ठरवलेलं रूप ते हेच आणि तेही तुमचं साधन आहे. ती कहाणी ऐकताना त्यात कोणाकोणाचं नाव येत नाही, तेवढं मात्र टिपून ठेवा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट बोलून टाका. उलाढाल, साठा, कर यांतलं मला काही नको. व्यापारी घरात ही भीती मोठी असते आणि ती गेल्याशिवाय कोणी मोकळं होत नाही. संमतीपत्रावर सही मागितली की चेहरे का बदलतात, हेही समजून घ्या. तिथे सही म्हणजे देणं-घेणं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी असेल तर तोंडी संमती ध्वनिमुद्रित करून चालते. तशी परवानगी आधीच मागून ठेवा.

शेठ बोलून झाले की म्हणा, "आता मला कामाचं समजून घ्यायचंय, दादांना जरा मिल दाखवायला सांगता का?" बाप गादीवर राहतो आणि मुलगा तुमच्यासोबत चालू लागतो. सॉर्टेक्सच्या, म्हणजे खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशीनपाशी उभं राहून तो जे सांगेल, ते गादीशेजारच्या खुर्चीत बसून कधीच सांगणार नाही. मशीन त्याच्या ओळखीचं असतं, त्यावर तो अधिकारानं बोलतो आणि त्यातूनच "हे घ्यायचं ठरलं तेव्हा..." असं सुरू होतं.

"निर्णय कोण घेतं?" असा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर "सगळे मिळून" हेच येणार. सहाही घरांनी सोसलेले प्रसंग धरा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, दुसऱ्या दिवशी दुकान कोणी उघडलं? बँकेच्या रांगेत कोण उभं राहिलं? घरातली किती रोकड बाहेर काढायची हे कोणाच्या तोंडून आलं? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा संगणक कोण शिकलं आणि वही कोणाच्या हातून सुटली? मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गडीमाणसांच्या पगाराचं काय करायचं हे कोणी ठरवलं? तारखा सगळ्यांना सारख्याच लागू होत्या, त्यामुळे सहा घरं एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. प्रसंग विचारला की माणूस मतं सांगत बसत नाही, आठवायला लागतो.

आणि तोच प्रसंग त्याच घरातल्या तिघा-चौघांना वेगवेगळा विचारा. माझा सगळा सल्ला या एका वाक्यात आहे. समजा, शेठ म्हणाले, "सॉर्टेक्स घ्यायचं मी ठरवलं." मुलगा म्हणाला, "मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो." धाकटे काका म्हणाले, "मला बिल आल्यावर कळलं." खरं कोण बोलतं हे शोधायला जाऊ नका, आपण काही चौकशी अधिकारी नाही. तिन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्या घरात निर्णय मुलाच्या डोक्यातून निघतो, वडिलांच्या नावानं जाहीर होतो आणि काकांपर्यंत उशिरा पोहोचतो. कारभार कसा हस्तांतरित होतो, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर अशा फरकांतच आहे. अधिकार दिला जाण्याच्या कितीतरी आधी वापरला जायला लागतो. तुमच्या सहाही घरांत असं आहे का, ते तपासून बघा.

कोणाकोणाला भेटायचं? दोन पिढ्या पाहिलेले मुनीम असतील तर त्यांना. ते जपून बोलतील, पण वर्षं आणि क्रम त्यांना पक्का आठवतो. वाटणी घेऊन वेगळे झालेले भाऊ. पुण्याला आयटीत गेलेला आणि परत न आलेला मुलगा. आणि लेकी. लेकींना गाठायचं असेल तर आपल्याकडे आखाजीसारखी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखी वेळ नाही. त्या दिवसांत सराफाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, शेठना तुमच्याशी बोलायला सवड नसते; पण त्याच वेळी वाड्यात माहेरी आलेल्या लेकी दुपारी निवांत असतात. लहानपणी दुकानात बसायची परवानगी होती का, भावाला गल्ल्यावर बसवलं तेव्हा यांना काय सांगितलं, हे त्यांना विचारा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी वडील २००५ ला हयात असायला हवेत ही अटही उरू दिली नाही. म्हणून हक्कसोडपत्राचा विषय प्रत्येक घरात कधी ना कधी निघालेला असतो. तो आपणहून काढू नका. लेकीनं काढला तर ऐका. कागद कोणी आणला, कोणत्या सणाला आणला, सही करताना सोबत कोण बसलं होतं, हे तपशील त्या स्वतःच सांगतात.

हंगाम बघून जा. तूर बाजारात यायला लागली की डाळमिलवाला बोलणार नाही, कापसाच्या दिवसांत जिनिंगवाला नाही. मात्र बोलायला नाही तरी बघायला त्याच दिवसांत जावं. एक दिवस दुकानाच्या कोपऱ्यात नुसतं बसायची परवानगी मागा. गिऱ्हाईकानं भाव विचारला की मुलगा स्वतः सांगतो का, की आधी वडिलांकडे बघतो? तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? काका आत आले की खुर्चीतून कोण उठतं? लक्ष्मीपूजनाला वहीवर स्वस्तिक कोण काढतं आणि पहिली नोंद कोणाच्या हातची? हे त्याच रात्री लिहून काढा. सकाळी निम्मं उडालेलं असतं.

मुलाखत अहिराणीत झाली, लेवा बोलीत झाली, तर ती तशीच उतरवा. प्रमाण मराठीत "सुधारून" लिहिलीत की बोलण्यातली आच जाते. भाषांतर फक्त प्रबंधात येणाऱ्या उताऱ्यांचं करा आणि मूळ वाक्य सोबत ठेवा.

आता समितीतल्या सरांचा आक्षेप. त्याला चिडून उत्तर देऊ नका, कारण त्यात एक रास्त प्रश्न दडलेला आहे, "हीच सहा का?" किती कौटुंबिक व्यवसायांत मृत्युपत्र केलेलं आहे, असा तुमचा विषय असता तर तीनशे काय, पाचशे प्रश्नावल्या हव्या होत्या आणि मी सरांच्या बाजूनं उभी राहिले असते. तुमचा प्रश्न "कसं घडतं" हा आहे. आणि तीनशे प्रश्नावल्या भरणार कोण? तीनशे शेठ. "कुटुंबात एकोपा आहे" यासमोर "पूर्णपणे सहमत" अशा तीनशे खुणा येतील. सध्या तुम्हाला सहा वेळा मिळालेलं उत्तर तेव्हा तीनशे वेळा मिळेल, बाकी काही बदलणार नाही.

संख्येचा आधार हवा असेल तर आहे. अनेक घटनांचा (म्हणजे 'केसेस'चा, तुमच्याकडे एक घर ही एक घटना) तौलनिक अभ्यास करून सिद्धांत कसा मांडावा यावर आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये लिहिलं, त्यात चार ते दहा घटना साधारणपणे पुरतात असं म्हटलं आहे. गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या साठ मुलाखती तपासल्या, तर पहिल्या बारातच बहुतेक मुद्दे येऊन गेलेले दिसले. पण हा बाराचा आकडा ढालीसारखा पुढे करू नका. तो बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या स्त्रियांचा होता. सासरा, सून आणि मुनीम सारख्या परिस्थितीत नसतात. तुम्ही घर हे एकक धरलंय, म्हणजे सहा घरं आणि घरटी चार-पाच माणसं. एवढं काम पीएचडीला भरपूर आहे.

निवडीचं समर्थन मात्र भक्कम हवं. तुमची सहाही घरं चालू धंद्याची दिसतात आणि ते मला खटकतं. ज्यांचं हस्तांतर फसलं त्यांची दुकानं आज उघडी नाहीत, म्हणून ती तुमच्या यादीत आलीच नाहीत. एक-दोन घरं बदला. बंद पडलेली एखादी जिनिंग घ्या, तिथली माणसं गावात आहेत आणि त्यांना आता लपवायचं थोडं कमी आहे. वडील हयात असताना कारभार दिलेलं एक घर, वाटणी झालेलं एक, अचानक मृत्यूनं कारभार अंगावर पडलेलं एक, अशी निवड परस्परविरोधी करा. शेवटच्या प्रकारचं जगाला माहीत असलेलं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी, १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. पुढे तीच विप्रो झाली. अशा घरात तयारीला वेळच मिळत नाही. वडील समोर असताना वीस वर्षं वाट बघणाऱ्या मुलापेक्षा त्याची गोष्ट मुळातच वेगळी निघते. या दोन्ही प्रकारांची तुलना तुमच्या सहा घरांत करता आली, तर "काय सिद्ध होणार" हा प्रश्न सर पुन्हा विचारणार नाहीत. सहा घरांवरून "खान्देशातील इतके टक्के" असं वाक्य तुम्ही लिहिणारच नाही आहात, हेही त्यांना आधीच सांगून टाका.

घरातले जुने कागदही मागा. जुन्या वह्या, भागीदारीपत्र, पेढीचे पत्रव्यवहार. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ज्या परंपरेवर उभं आहे ती घराघरांतली दप्तरं गोळा करण्याचीच. जुनी वही मोडीत किंवा महाजनी लिपीत निघाली तर वाचणारा शोधावा लागेल, पण भागीदारीपत्र कधी आणि कितव्यांदा बदललं एवढं समजलं तरी मुलाखतीत विचारायला ठोस प्रसंग मिळतात.

मामांच्या सोयऱ्यांबद्दल. नातं आहे म्हणून ते घर सोडायची गरज नाही. त्याच नात्यामुळे माजघरापर्यंत जाता आलं. पण लग्नात, बारशाला, ओटीभरणाला कानावर पडलेलं काहीही साधन म्हणून वापरू नका. तुम्ही तिथे भाची म्हणून बसलेल्या होता. ते हवं असेल तर संशोधक म्हणून पुन्हा विचारा आणि मिळालं नाही तर सोडून द्या. नातं आहे हे प्रबंधात लिहा. मुलाखत उतरवून झाली की ज्याची त्याला वाचायला द्या, पण प्रत्येकाला फक्त त्याची. पूर्ण घराचा गठ्ठा शेठच्या हातात कधीही देऊ नका, त्यांनी प्रेमानं मागितला तरी.

पुढच्या प्रगती अहवालाला जाताना दोन कागद न्या. एकावर सहा घरांची निवड आणि प्रत्येक घर का निवडलं त्याचं एका ओळीतलं कारण. दुसऱ्यावर एकाच प्रसंगाची, एकाच घरातल्या तिघांची उत्तरं शेजारी शेजारी, गाव आणि नावं काढून. हा दुसरा कागद सूनबाईंच्या घराचा नको. आणि बाहेर काढण्याआधी ज्या तिघांची उत्तरं आहेत त्यांची परवानगी घ्या.